हिटीच्या उभ्या ओळी

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२ मार्च २०२५

प्रिय नंदा,

आशीर्वाद. आमच्याकडे सगळे बरे आहेत, तिकडचं सुशांतकडून कळतं. तू भाच्याला मेसेज करतेस आणि बहिणीचा फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र उचलावं लागत नाही. ते येऊन पडतंच.

इथे अजून बर्फ आहे. परवा पुन्हा सहा इंच पडला. तुझे भावजी शहात्तराव्या वर्षी स्वतः फावडं घेऊन उतरले. मी ओरडले तर म्हणाले, व्यायाम आहे. आता कंबर धरून बसलेत. बसू देत.

मुद्द्यावर येते. तू सुशांतला लिहिलंस की १६ जूनपासून तू वर्षभर मेळघाटात हिमानीच्या आश्रमशाळेत राहणार आणि मुलांसाठी प्रयोगशाळा उभी करणार. खाली एक वाक्य : "वर्षभर आईचं ताईने बघावं." बस. ना विचारणं, ना चर्चा.

नंदा, तू बासष्ट वर्षांची आहेस. हे वय परीक्षानळ्या धुवायचं नाही. हिमानी तुझी कॉलेजची मैत्रीण असेल, पण तिने आयुष्यभर शाळाच चालवली आहे. तिला जंगलाची सवय आहे, तुला नाही. आई ब्याण्णव वर्षांची आहे. संधिवाताने तिची बोटं वळली आहेत, ती तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही, हे मला तूच सांगितलंस. जानेवारीत मी इथून चार फोन करून नर्सिंग ब्युरोतून बाई ठरवली, ती तिसऱ्या दिवशी गेली. आईने म्हणे घास तोंडाला लावू दिला नाही. आता माझ्याकडून तू कसली अपेक्षा करतेस? मी एकाहत्तर पूर्ण केली. मला रक्तदाब आहे, तुझ्या भावजींना साखर आहे. सुशांत आणि आश्लेषा दोघं बॉस्टनला कामाला जातात, त्यांच्या अनिकाला रोज शाळेतून आणायचं माझ्याकडे असतं. गाडी मीच चालवते. हे सगळं सोडून वर्षभर येणं म्हणजे काय ते तुला कळत नसेल असं नाही.

आश्लेषाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी किती वर्षं करतायत, आई. शी डिझर्व्ह्ज अ ब्रेक." मी म्हटलं, चाळीस वर्षं जमलं ते एकेचाळिसाव्या वर्षी का जमू नये? तिने भांडी जोरात ठेवली.

तुला वाटेल मी इथे रिकामी बसून उपदेश करते. रिकामी नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या जवळच्या एका छोट्या इतिहास मंडळात आठवड्यातून दोनदा जाते. तिथे जुनी पत्रं आहेत, ती वाचून टाइप करायची. इथल्या तरुण मुलांना जोडून लिहिलेलं इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, शाळेत शिकवलंच नाही. आम्ही अकोल्यात मराठी शाळेत चार रेघी वहीत गिरवलं ते आता अमेरिकनांच्या उपयोगी पडतंय. मंडळाच्या मिसेस डॉयल सगळ्यांना सांगतात, शोभना कुठलंही अक्षर वाचते.

सध्या माझ्याकडे एका मुलीची एकतीस पत्रं आहेत, १८४६ पासूनची. नाव मेहिटेबल, घरात हिटी म्हणायचे. वीस वर्षांची, इथून पंधरा मैलांवर शेतावर राहणारी. मोठी बहीण ल्युसी लग्न होऊन दूर ओहायोला गेली. तिला हिटी लिहायची. कागद आणि टपाल महाग, म्हणून तेव्हा लोक एक विचित्र प्रकार करायचे. पान नेहमीसारखं आडव्या ओळींनी भरलं की कागद काटकोनात फिरवायचा आणि त्याच ओळींवरून उभ्या ओळी लिहायच्या. जाळी होते नुसती. डोळे फुटतात. मिसेस डॉयल म्हणाल्या, आधी सगळ्या पत्रांच्या आडव्या ओळी पुऱ्या करा, उभ्या नंतर. मी तेच करते आहे. उभ्या ओळींत काय असणार, उरलेल्या गप्पा.

ही हिटी तू वाचायला हवीस. आईला संधिवात, हो, तिच्याही आईला. घरात दुसरं बाईमाणूस नाही. ही मुलगी पहाटे गाईंच्या धारा काढते, लोणी काढते, राखेच्या पाण्यात चरबी उकळून साबण करते, मेणबत्त्या ओतते, आईची बोटं फ्लॅनेलमध्ये गुंडाळते, आणि जेवणानंतर ताडपत्राच्या टोप्या विणते, त्या दुकानदार घेऊन जातो. एका पत्रात लिहिलंय, "आज आठ तास साबण ढवळला, हात अजून थरथरतात, म्हणून अक्षराकडे दुर्लक्ष कर." बारा पत्रं झाली माझी. एका ओळीत तक्रार नाही. मला कंटाळा आला, मला जायचंय, असं कुठे नाही. तिचे वडील देवभक्त आणि कडक. पाठवायच्या आधी पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. तरी प्रत्येक पत्रात सगळं आनंदात.

असं घर चालतं, नंदा. कुणीतरी न बोलता करतं म्हणून चालतं.

हिमानीला कळव की जमणार नाही. मी ब्युरोला पुन्हा फोन करते, दिवसाची बाई मिळाली तर तुला दुपारी तरी मोकळीक मिळेल.

आईला माझा नमस्कार सांग. मागच्या वेळी फोनवर तिने मला "कोण?" विचारलं. ऐकू कमी येत असेल. कान तपासून घे.

तुझी,
ताई


श्रूजबरी
६ एप्रिल

प्रिय नंदा,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं, म्हणजे सुशांतच्या फोनवर आलं आणि त्याने मला जेवताना वाचून दाखवलं. "ताईचं पत्र पोचलं. हिटीला माझा नमस्कार. १६ जून." तुझे भावजी इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही. पण टोमणा नेमका मारलास हे कबूल करते.

बर्फ गेला. अंगणात चिखल आहे. अनिका तो बुटांना लावून स्वयंपाकघरात येते आणि मी काही म्हटलं की "सॉरी आजी" म्हणून तशीच पुढे जाते. बारा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीच.

तिनेच मागच्या आठवड्यात एक उद्योग केला. मी घरी लॅपटॉपवर हिटीच्या पत्रांची छायाचित्रं बघत होते. क्रम सोडून उभ्या ओळी वाचून बघाव्या म्हणून मान वाकडी करून बसले होते. अनिका मागून आली, म्हणाली, "आजी, व्हाय आर यू सिटिंग लाइक दॅट?" आणि एक बटण दाबून आख्खं चित्र फिरवलं. उभ्या ओळी आडव्या झाल्या. आधीच्या ओळी मागे गेल्या, जाळीसारख्या. दोन मिनिटांनी डोळ्याला सवय झाली आणि अक्षर सुटं होऊन दिसायला लागलं. एवढं सोपं होतं. मी गणिताची शिक्षिका, पस्तीस वर्षं मुलांना आकृती फिरवून बघा म्हणून सांगितलं, आणि स्वतः मान मोडत बसले.

नंदा, उभ्या ओळींत गप्पा नाहीत.

वडील आडव्या ओळी वाचायचे. त्यांची नजर अधू, उभ्या ओळींच्या नादी ते लागत नसत. तेव्हा ती ते वाचून झाल्यावर, पत्र बंद करायला म्हणून आपल्या खोलीत नेऊन, कागद फिरवायची. पहिल्याच पत्रात स्पष्ट आहे. "ल्युसी, वडिलांचं वाचून झालं. आता मी लिहिते."

तू म्हणशील यात काय मोठं. सांगते. मी पाच दिवसांत बाराही पत्रांच्या उभ्या ओळी वाचल्या. ज्या दिवशी साबणाचं लिहिलंय, त्याच पानावर उभं लिहिलंय की हाताची कातडी गेली आणि आई म्हणाली माझ्यासाठी एवढंही करवत नाही का. तिने एक सत्र पुढच्या शाळेत शिक्षण घेतलं होतं, भूमितीत पहिली आली होती, मग आईचं दुखणं वाढलं आणि तिला परत आणलं. आणि बाराव्या पत्रात, मार्च १८४८, ही ओळ आहे. मी जशीच्या तशी मराठीत देते :

"शेजारच्या गावाने मला उन्हाळ्याच्या शाळेसाठी मास्तरीण म्हणून विचारलं आहे. वडील म्हणतात, आईचं कोण करणार. तू त्यांना लिही, ल्युसी. ते फक्त तुझं ऐकतात. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आत लिही, त्यानंतर ते दुसऱ्या मुलीला घेतील."

मी दुसऱ्या दिवशी मंडळ उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. मिसेस डॉयलना विचारलं, ल्युसीची उत्तरं कुठे आहेत? त्या म्हणाल्या, नाहीत. ही पत्रं ल्युसीच्या पणतूच्या मुलीने दिली, म्हणून फक्त हिटीची आहेत. ल्युसीची हिटीच्या घरी असणार, ते घर गेलं. मी म्हटलं, मग तिने लिहिलं की नाही हे कळायचं कसं? तर म्हणतात, शोभना, बिचारीला सहा मुलं होती, तिकडे तापाची साथ होती, कदाचित तिला सवडच झाली नसेल. मला इतका राग आला. मी म्हटलं, सहा मुलं असली तरी चार ओळी लिहिता येतात. पत्र तिने जपून ठेवलं ना? म्हणजे वाचलं. वाचलं आणि ठेवून दिलं. मग त्यांनी चहा आणला. इथले लोक दुसरं काही सुचलं नाही की चहा आणतात, आणि तोही पाण्यासारखा.

घरी येऊन तुझ्या भावजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या बाईवर तू एवढी का चिडतेस?" मी म्हटलं, असंच. आणि भाजी चिरायला घेतली.

तुला आठवतं का, अण्णा तो निळा घडीचा एअरोग्राम कसा लिहायचे? रविवारी सकाळी, टेबल पुसून. पहिली दोन पानं त्यांची. मग आईच्या दोन ओळी, तिची बोटं नीट होती तोवर. मग सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचायचे, माझं इकडून आलेलंही तसंच. तुझ्या वाट्याला खालची चार बोटं जागा. आणि शेवटी घडी घालून चिकटवायचं आणि टपालात टाकायचं काम तुझ्याकडे. मी इथे सुरीने…

असो. अनिकाला आणायची वेळ झाली.

(संध्याकाळी पुढे लिहिते.) मागच्या पत्रात मी जरा कडक लिहिलं असेल. तुझं मन मला कळत नाही असं समजू नकोस. मधला मार्ग काढू. तू सहा महिन्यांसाठी जा, तेवढ्यात मी ब्युरोच्या दोन बाया बघते, एक दिवसाची, एक रात्रीची. किंवा हिमानीला विचार, अकोल्यात बसून तिच्या शाळेचं काही करता येईल का. हल्ली सगळं ऑनलाइन होतं. किंवा या वर्षाऐवजी पुढच्या वर्षी जा. आईचंही वय बघता, म्हणजे तू समजून घे.

हिटीची अजून एकोणीस पत्रं राहिली आहेत. मे महिन्यात काय झालं ते कळेल. कळलं की लिहीन.

तुझी,
ताई


श्रूजबरी
२७ एप्रिल

नंदा,

तुझं पत्र मिळालं. तारीख ११ ऑगस्ट १९८५. पोच द्यायला उशीर झाला.

ते फाटलं नव्हतं. सोबत जोडलं आहे. कडा बघ, मी सुरीने सरळ कापली होती. एअरोग्राम उघडताना मी कधीच घाई करत नसे, तुला माहीत आहे मी कशी आहे. आत दुमडायच्या त्या अरुंद पट्टीवर तू पेन्सिलने लिहिलं होतंस, अण्णांचं वाचून झाल्यावर, टपालपेटीकडे जाताना कुठेतरी उभं राहून. अक्षर वाकडं आहे. मी कुठलंही अक्षर वाचते.

तू विसरली असशील काय लिहिलं होतंस, नसशीलही. "ताई, औरंगाबादच्या कॉलेजात केमिस्ट्रीची लेक्चररशिप मिळाली आहे. ते ३० सप्टेंबरपर्यंत थांबायला तयार आहेत. आईसाठी नागपूरची मावशी येऊन राहायला तयार आहे. तू यायची गरज नाही, तुझी नोकरी मला कळते. तू फक्त अण्णांना लिही की नंदाला जाऊ द्या. ते तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत."

त्याच एअरोग्रामात वर अण्णांचं होतं. नंदाला नोकरी आली आहे पण तिला पाठवायला मन होत नाही, मावशीचा भरवसा किती धरायचा, तू वर्षभर येऊ शकलीस तर विचार करता येईल, तुला काय वाटतं ते कळव.

आता माझं सांगते. तेव्हा सुशांत चार महिन्यांचा होता. मी इथल्या शिक्षकांच्या परीक्षा दुसऱ्यांदा पास केल्या होत्या, आणि सप्टेंबरपासून मला शाळा मिळाली होती. सहा वर्षं मी घरात बसून काढली होती, बी.एस्सी. पहिल्या वर्गात असून. ही कारणं खरी आहेत, पण हे कारण नव्हे. तू तर ये म्हणालीच नव्हतीस. मला चार ओळी लिहायच्या होत्या, तेवढ्याच. मी बसून हिशेब केला की तू गेलीस आणि मावशी दोन महिन्यांत परत गेली, तर हाक मला येणार. तू घरात आहेस तोवर मला कुणी बोलावणार नाही.

मी अण्णांना लिहिलं, "नंदाची काळजी करू नका. तिला घरीच राहायला आवडतं, मला तिने तसं कळवलं आहे. तुम्ही आग्रह केलात म्हणून ती नोकरीला जाईल, पण मनातून नाही."

गेली चाळीस वर्षं मी यावर "लिहायचं राहून गेलं" असं नाव चिकटवून ठेवलं होतं. राहून गेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. अण्णांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं असणार, आणि तू तिथे बसली असशील.

त्या दिवाळीला मी शेजारच्या डॉक्टरांकडे ट्रंककॉल लावला. तीन मिनिटं मिळायची. आई रडली, अण्णांनी सुशांतचं वजन विचारलं, आणि शेवटी तू आलीस. तू विचारलंस, "ताई, घडीवरचं वाचलंस का?"

मी म्हटलं, "अगं, उघडताना फाटलं बघ. काय होतं?"

तू म्हणालीस, "काही नाही. बरं."

तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? फाटलेलं वाचता येत नाही, मग नंदाने मला कळवलं असं मी अण्णांना लिहिलं कशाच्या आधारावर? तू केमिस्ट्रीची. एवढं तुझ्या नजरेतून सुटलं नसणार. तू पुन्हा एकदाही विचारलं नाहीस, आणि मी ते माझ्या बाजूचं मानत आले.

हे आज का, तर हिटीमुळे. मे महिन्यात काय झालं ते मला कळलं. १४ मे १८४८ चं पत्र आहे. आडव्या ओळींत लोणी, वासरू, आईची बोटं, वडिलांचा नमस्कार. मी चित्र फिरवलं. उभ्या ओळी नाहीत. मला वाटलं छायाचित्र नीट आलं नसेल, म्हणून मंडळात जाऊन मूळ कागद खिडकीशी धरला. कोरा. मग पुढची सगळी एकेक काढली. एकोणीस पत्रं, सात वर्षांची. एकातही तिने कागद फिरवलेला नाही. साबण, मेणबत्त्या, टोप्या, सगळं आनंदात. राग नाही, रुसवा नाही. सख्ख्या बहिणीला तिने शेजारणीला लिहावं तसं लिहिलं, सात वर्षं. मिसेस डॉयल म्हणाल्या, बरं झालं, काम लवकर संपलं.

घरी येऊन मी तुझे एअरोग्राम काढले. बुटांच्या खोक्यात आहेत, फोन घरोघरी होईपर्यंतचे, अठ्ठावन्न. सगळ्यांच्या पट्ट्या उलटून बघितल्या. १९८५ च्या ऑगस्टआधीच्या पट्ट्यांवर काय काय आहे. कुणाचं लग्न कसं मोडलं, अण्णा खोकल्याची गोळी सांगून विडी कशी ओढतात, तुझ्या प्रयोगशाळेत कुणाची ओढणी जळाली. त्यानंतरच्या सगळ्या कोऱ्या. माझ्या कधी लक्षातही आलं नाही, कारण मी त्या बाजूला बघणंच सोडलं होतं.

तुझ्या भावजींनाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ते डिशवॉशर भरत होते. सगळं ऐकून घेतलं, दोन बशा जागच्या बदलल्या, आणि विचारलं, "तिकीट जायचं-यायचं काढू, की नुसतं जायचं?"

नुसतं जायचं काढलं आहे.

अनिकाला शाळेतून कोण आणणार हा मोठा प्रश्न मी तुझ्यासमोर मांडला होता. तिला विचारलं. म्हणाली, "आजी, द बस स्टॉप्स राइट हिअर." खरंच घरासमोर थांबते. तीन वर्षं थांबते आहे. मी तिला आणायला जात होते कारण मला जायचं होतं. भावजींची साखर सुशांत बघेल, रक्तदाबाची गोळी अकोल्यातही मिळते. मागच्या दोन पत्रांत मी दिलेली कारणं एकेक करून तपासली. गणिताच्या पेपरात अशी पायरी आली असती तर मी शून्य दिलं असतं.

आता पुढचं नीट वाच.

मी ९ जूनला सकाळच्या गाडीने अकोल्यात उतरते. स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा मला करता येते. तू १० तारखेला सकाळी निघ. सोळाची वाट बघू नकोस. मला शिकवायला एक दिवस पुरे. आईची बोटं शेकायचं पाणी किती कोमट, गोळ्या कुठल्या कधी, पेज किती पातळ, रात्री किती वेळा उठवायचं, एवढं एका पानावर लिहून ठेव. दोन पानं लिहू नकोस. जास्त थांबलीस तर मी तुझ्या पद्धतीतल्या चुका काढीन, तू मला हे असं नाही ताई, हे असं, म्हणत बसशील, आणि पंधरा तारखेला आई तुझा हात धरील. मग तू थांबशील. मी तुला ओळखते. या वेळी मला खात्री नको आहे की तू थांबशील.

आई माझ्या हातचं खाणार नाही. पहिले दोन-तीन दिवस तरी नाही. मला "कोण?" विचारेल, आणि तिच्या कानात काही दोष नाही हे मला माहीत आहे. मी तिला सांगणार आहे. सगळं, अण्णांना काय लिहिलं होतं तेही. ब्याण्णव वर्षांच्या बाईला हे सांगून काय मिळणार असं तू म्हणशील. तिने चाळीस वर्षं असं समजून तुझ्याकडून करून घेतलं आहे की तुला हेच आवडतं. तिला कळायला हवं की ते मी सांगितलं होतं.

तुझी मी क्षमा मागत नाही. मागितली की तू "बरं" म्हणशील, आणि तुझं ते एक "बरं" मला आजवर पुरलं आहे.

हिमानीला कळव की सहा दिवस आधी येते आहेस. तिकडे पावसाळ्यात रस्ता बंद होतो असं सुशांतने कुठेतरी वाचलं, तेव्हा ॲसिडच्या बाटल्या आधीच चढवून घ्या आणि एकावर एक ठेवू नका. हे मी सांगायला नको, तू जाणतेस. तोंडातून निघून जातं.

खाली "तुझी ताई" लिहायला हात गेला होता, थांबवला. अण्णांना ते पत्र लिहिलं त्याच्याखाली जी सही होती, तीच इथे करते.

शोभना